परवडणारा चाकू

पाकीट, किल्ल्या, मोबाईल, रुमाल. बहुतेकांच्या खिशात एवढंच असतं. माझ्या खिशात पाचवी एक वस्तू असते आणि ती बाहेर काढली की समोरचा हमखास विचारतो, "चाकू? कशाला रे?" विचारणारा बऱ्याचदा तोच असतो जो कुरिअरचं खोकं किल्लीने किंवा दातांनी फोडायच्या खटपटीत असतो, त्यामुळे उत्तर द्यायला फार कष्ट पडत नाहीत. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र अवघड. "मग मी कुठला घेऊ? स्वस्तातला सांग."

हा प्रश्न गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी विचारला. त्यातच घरी बाबांसाठी एक चाकू निवडायची वेळ आली, आणि तो निवडताना माझी आधीची सगळी गणितं पुन्हा मांडावी लागली. म्हणून म्हटलं, सुट्टी आहे, एकदा नीट लिहूनच काढू.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. चाकू विकत घ्यायला परवडणं हे सगळ्यात सोपं. तो वापरायला परवडला पाहिजे, धार लावायला परवडला पाहिजे, चारचौघांत बाहेर काढायला परवडला पाहिजे, आणि शेवटी हरवायला परवडला पाहिजे. या चारही ठिकाणी जो परवडतो तोच रोज खिशात राहतो. बाकीचे खणात.

आता एकेक घेऊ.

आम्ही सॉफ्टवेअरवाले. गिऱ्हाईक म्हणालं की अमुक अमुक फीचर पाहिजे, तर आधी त्याला विचारायचं, "तुम्ही रोज नक्की करता काय?" हाच न्याय स्वतःला लावला. एक छोटी वही घेतली आणि महिनाभर, जेव्हा जेव्हा काहीतरी कापायची वेळ आली तेव्हा तेव्हा नोंद केली. यादी काही फार थरारक नाही. खोक्यांवरची चिकटपट्टी, हे सगळ्यात जास्त. नव्या शर्टाचं लेबल. बटणाखाली लोंबणारा दोरा. दुधाची पिशवी. ऑफिसातलं सफरचंद आणि डब्यातली काकडी. टेबलाखालच्या वायरींचे केबल टाय. मुलीची पेन्सिल. बाल्कनीतल्या मोगऱ्याची वाळकी फांदी. स्कूटरला मागे बांधलेल्या सुतळीची ओढून बसलेली गाठ. वाघ एकदाही आला नाही. दोरखंड कापून कुणाला दरीतून वाचवायचा प्रसंगही आला नाही.

या यादीतल्या एकाही कामाला सात सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागलं नाही. कलिंगड आणि फणस घरीच कापले जातात, आणि त्यासाठी आमच्या घरात विळी आहे, जिच्यापुढे जगातला कुठलाही खिशातला चाकू लहान मूल आहे. तेव्हा पहिला निकाल लागला : पातं सहा ते सात सेंटिमीटर, पातळ, आणि टोक असलेलं. पातळ हे महत्त्वाचं. जाड पातं दिसायला दणकट, पण ते सफरचंद कापत नाही, फोडतं.

दुसरा मुद्दा पोलादाचा. या विषयावर लोक इतकं बोलतात की त्यापुढे प्रोग्रॅमिंगच्या भाषांवरची भांडणं फिकी पडावीत. थोडक्यात गोष्ट अशी. पोलादात कार्बन वाढला की ते जास्त कडक करता येतं आणि धार जास्त दिवस टिकते. क्रोमियम पुरेसं असलं की गंज कमी धरतो. कडकपणा मोजायला रॉकवेल नावाचं माप आहे. स्विस आर्मी चाकूंची पाती त्या मापावर ५६ च्या आसपास असतात, तर आजकालच्या महागड्या पावडर पोलादाची पाती ६० च्या पुढे जातात. म्हणजे महागडं चांगलं? धार टिकण्यापुरतं, हो. पण कधीतरी ती धार जाणारच, आणि तेव्हा त्या कडक पोलादावर साधा निसणा नुसता घसरत बसतो. त्याला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते, वेळ लागतो, आणि सवय लागते. खाली गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला असला चाकू देऊ नये. तो बिचारा विळ्या-कात्र्यांचा माणूस. त्याच्या चाकावर ठिणग्या उडतात, पातळ पातं तापतं आणि पाण्याने कमावलेला कडकपणा धारेपाशीच उतरतो.

मऊ पोलादाचं उलट आहे. धार लवकर जाते, पण पाच मिनिटांत परत येते. आणि त्यासाठी काही विकत आणायलाही लागत नाही. चिनी मातीचा मग उलटा करा. बुडाला एक खरखरीत, चकाकी नसलेली कडी दिसेल. ती भट्टीतली माती म्हणजे बारीक निसणाच. पातं साधारण वीस अंशांत धरायचं (उभं धरलं की नव्वद, त्याच्या निम्मं पंचेचाळीस, आणि त्याच्याही निम्म्याहून थोडं कमी), जणू त्या कडीची पातळ चकती कापायची आहे अशा बेताने दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा हलक्या हाताने ओढायचं. मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने आठ-दहा वेळा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघायचा. सर्रकन गेला की झालं. माझं स्पष्ट मत आहे की ज्या चाकूची धार तुम्हाला स्वतःला लावता येत नाही तो चाकू तुमचा नाही, तुम्ही फक्त तो सांभाळताय.

स्टेनलेस की साधं कार्बन पोलाद? कार्बन पोलादाला धार सुंदर येते, यात वाद नाही. पण आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो आणि आपण लिंबू, कैरी, चिंच असलं सगळं कापतो. आंबट लागलं की ते पातं काळं पडतं आणि न पुसता ठेवलं की तांबूस डाग धरतं. रोज पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायची तयारी असेल तर जरूर घ्या. मला माझी लायकी माहीत आहे. स्टेनलेस.

आता मिटायचा चाकू म्हटला की तो मिटतो कसा हे बघायला हवं, कारण मधे आपली बोटं असतात. स्विस चाकूत कुलूप नसतं. पाठीतल्या स्प्रिंगच्या ताणावर पातं उघडं राहतं. बऱ्याच चिनी चाकूंत मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि पातं अडवते. ओपिनेल या फ्रेंच चाकूत मानेवर एक लोखंडी कडी असते. ती फिरवली की पातं अडकलं. जोसेफ ओपिनेल याने फ्रान्सच्या सावोआ या डोंगराळ भागात १८९० साली हा चाकू बनवला, १८९७ साली त्याची १ ते १२ अशी मापं ठरली, आणि कडी आली ती १९५५ साली, मार्सेल ओपिनेलच्या डोक्यातून. लाकडी मूठ, पातं, एक खिळा आणि दोन कड्या. संपला चाकू. सव्वाशे वर्षांहून जास्त चाललेली रचना, आणि तिच्यात बदलण्यासारखं एवढंच निघालं. आमच्या धंद्यात दीड वर्ष टिकलं तरी केक कापतात.

कुलूप नसलेला चाकूही सुरक्षित असतो, एक पथ्य पाळलं तर. जोर नेहमी धारेच्या बाजूने द्यायचा, टोकाने भोसकायचं नाही, आणि पात्याच्या पाठीवर कधीच आपटायचं नाही. कुलूप असलं तरी हेच पथ्य पाळावं. कुलपं निसटतात.

इथवरचं गणित सोपं होतं. तिसरा मुद्दा माणसांचा आहे, म्हणून अवघड.

तीनेक वर्षांपूर्वी आम्ही कोकण रेल्वेने गावी चाललो होतो. बरोबर माझा एक मित्र होता, त्याने नवाकोरा काळा चाकू घेतला होता. काळं पातं, काळी मूठ, एका हाताने खट्कन उघडणारा. पनवेल सुटल्यावर त्याने सफरचंद कापायला तो उघडला. तो आवाज झाला आणि आमच्या खणातलं बोलणं बंद पडलं. समोरच्या बाईंनी शेजारी बसलेल्या मुलाला हळूच स्वतःकडे ओढलं. मित्राच्या ते लक्षातही आलं नाही, तो आपला फोडी करत बसला. कुणी घेतल्या नाहीत. तासाभराने बाबांनी त्यांचा पिवळ्या मुठीचा जुनाट चाकू काढला, नखाने सावकाश उघडला, आणि पेरू चिरायला घेतला. त्याच बाईंनी पिशवीतून दोन पेरू काढून पुढे केले आणि म्हणाल्या, "काका, आमचेही द्याल का कापून?"

पातं दोघांचं जवळपास तेवढंच होतं, बरं का.

याला कारण आहे. आपल्याकडे खिशातून निघणारा चाकू म्हटलं की डोळ्यांपुढे रामपुरी येतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ही मूळची उत्तम कारागिरी, पण हिंदी सिनेमाने तो गुंडाच्या हातात दिला आणि तो तिथेच राहिला. 'वक्त' मधला (१९६५) राजकुमारचा चाकूचा प्रसंग आठवतो ना? २०२३ साली रामपूरने स्वतःच एका चौकात वीस फुटी चाकू उभा केला. कोकणात गेलात तर कंबरेच्या आकडीला कोयती अडकवून माणूस बाजारात फिरत असतो, कुणी वळूनही बघत नाही, कारण ती कोयती झावळ्या आणि कवळं तोडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे भीती धारेची नसते. हा माणूस ती धार कशासाठी बाळगतोय हे कळलं नाही की भीती वाटते. काळा, खटक्याचा, दातेरी चाकू काहीच सांगत नाही, किंवा नको ते सांगतो. लाकडी मुठीचा छोटा चाकू न विचारता सांगतो की फळ कापायला आहे. समोरच्याला घाबरवून खाल्लेलं सफरचंद गोड लागत नाही, असं माझं तरी मत झालं.

कायद्याचंही थोडं माहीत असावं. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत, घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली सोडून. खिशातला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाचे, स्प्रिंगचे आणि तत्सम यंत्रणेचे चाकू पातं ७.६२ सेंटिमीटर म्हणजे ३ इंच लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल तर अडचणीत आणतात. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे. सणासुदीला, निवडणुकीला 'जमावबंदीचे आदेश' अशी बातमी येते ना, तेच. त्या काळात सार्वजनिक जागी चाकू बाळगायलाही मनाई करता येते. आणि विमानाच्या केबिनमध्ये कुठलाच चाकू चालत नाही, तो चेक-इन सामानात टाकायचा. थोडक्यात, खटका नको आणि पातं तीन इंचांच्या आत. यादीतल्या कामांचंही तेच म्हणणं होतं, हा योगायोग मला फार आवडला.

इथूनच चौथा मुद्दा निघतो, हरवायला परवडण्याचा. आपल्या शहरांत दिवसाला किती दारांतून जातो बघा. ऑफिसचं फाटक, मॉल, मेट्रो, थिएटर, मोठं देऊळ. प्रत्येक ठिकाणी पिशवी आणि खिसे तपासतात, आणि कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "साहेब, हे इथे ठेवून जा." माझा एक चाकू असाच एका मॉलच्या दारातल्या ट्रेमध्ये ठेवायला लागला. सिनेमा संपवून आलो तर ट्रे होता, सुरक्षारक्षक बदललेला होता, चाकू नव्हता. मी दोन मिनिटं चडफडलो आणि घरी आलो. तो चाकू आठ हजारांचा असता तर? एकतर माझी ती संध्याकाळ आणि त्या बिचाऱ्या नव्या रक्षकाची पाळी, दोन्ही वाया गेल्या असत्या. किंवा, आणि हे जास्त खरं आहे, मी तो चाकू कधी घराबाहेर काढलाच नसता. ज्या वस्तूला जपायला लागतं ती रोजची वस्तू होत नाही. म्हणून मी दोन हजारांची मर्यादा घालून घेतली. तुमची पाचशे असेल, तीन हजार असेल. कसोटी एकच : उद्या गेला तर परवा तोच परत घ्याल का?

मर्यादा घातली की मोह कमी होतात, पण फसवणूक वाढते. लाल मूठ, पांढरी फुली आणि अकरा हत्यारं असलेले 'स्विस' चाकू रस्त्यावर ढिगाने मिळतात. त्यांच्या नकली पात्याला धार येत नाही आणि आली तर राहत नाही. खऱ्यावर मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं. बाकी हत्यारांच्या संख्येला भुलू नका. माझ्या वहीनुसार पात्याखालोखाल उपयोगी पडली असती ती कात्री. बाकी मासे खवलायची पट्टी आणि भिंग हे त्या फीचरसारखं, जे गिऱ्हाईक हट्टाने मागतं आणि नंतर कुणी उघडत नाही.

मग मी काय घेतला? ओपिनेलचा ६ नंबर, स्टेनलेस. पातं बरोबर ७ सेंटिमीटर, बीचच्या लाकडाची मूठ, हातात घेतला की पेन्सिलीपेक्षा थोडासाच जड वाटतो. उघडायला दोन हात लागतात, तो मला गुणच वाटतो. दोष सांगायचा तर पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं घट्ट बसतं. त्यावर सावोआतल्या लोकांचीच युक्ती आहे, मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं की पातं थोडं बाहेर येतं. ज्यांना कात्री हवी त्यांनी छोटा ५८ मिलिमीटरचा स्विस घ्यावा. त्याचं पातं जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असतं, किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, आणि त्याला बघून अजून तरी कुणी मुलाला जवळ ओढलेलं मी पाहिलं नाही.

आता बाबांचा चाकू.

बाबा नोकरीत होते तेव्हापासून फळं कापायचं खातं त्यांच्याकडे. एसटीत असोत, कुणाच्या घरी असोत, फळ दिसलं की चाकू निघायचा. पेरूच्या फोडी आधी सगळ्यांना, आणि देठाकडचा वाकडा तुकडा स्वतःला, हा त्यांचा नियम. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. त्याबद्दल ते फार बोलले नाहीत. मग आई एकदा फोनवर म्हणाली, "अरे, हल्ली हे फळंच खात नाहीत. 'नको' म्हणतात." गावी गेलो तेव्हा दोन दिवस नुसतं बघत होतो. पेरू हातात घेतला, वास घेतला, परत टोपलीत ठेवला. फळ नको झालेलं नव्हतं. चाकू उघडत नव्हता. आणि आईला "कापून दे" म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

मी माझी सगळी कोष्टकं घेऊन बसलो आणि एकेक नाव खोडत गेलो. नखाने उघडायचे चाकू बाद, तिथेच तर दुखतं. अंगठ्याने खुंटी ढकलून उघडायचे बाद, तोच सांधा. ओपिनेलची कडी पिळायला चिमटीत जोर लागतो आणि कोकणच्या दमट हवेत लाकूड फुगलेलं, तोही बाद. खटक्याचा चाकू त्यांच्या हातात मला नको होता, त्यांनाही नको असता. मग सुचलं की अडचण पात्याची नाहीच, मिटण्याची आहे. जो मिटत नाही तो उघडायला लागत नाही.

तीन-चारशे रुपयांच्या आतला, स्वयंपाकघरात वापरतात तो साधा सोलायचा चाकू घेतला. पातं आठ सेंटिमीटर, बिनदात्यांचं, म्हणजे मगाच्या बुडावर धार लावता येईल असं. मूठ बारीक होती. दुखऱ्या हाताला जाड मूठ सोपी जाते, म्हणून तिच्यावर बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप दोन पदरी गुंडाळली. स्टँडवर चपला शिवणारे एक काका बसतात, त्यांच्याकडून जाड चामड्याचं म्यान शिवून घेतलं. टोकाशी त्यांनी स्वतःहूनच एक जादा टाका मारला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

बाबांनी उलटसुलट करून बघितला. "हा तर तुझ्या आईच्या कपाटातला."

"तुम्हाला नको असेल तर तिला देतो."

"राहू दे," म्हणाले, आणि तो त्यांच्या कापडी पिशवीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठेपर्यंत टेबलावर बशीत पेरूच्या फोडी होत्या. मोजून आमच्या सगळ्यांपुरत्या. देठाकडचा तुकडा त्यात नव्हता.

तेव्हा यापुढे "स्वस्तातला कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं तर मी आधी नाव सांगणार नाही. आधी विचारणार की महिनाभर काय काय कापलंस, धार कोण लावणार, तो कुणासमोर उघडणार, आणि कुणाच्या हातात जाणार. एवढी उत्तरं आली की चाकू निवडायला दहा मिनिटं पुरतात. आणि घेतलात तर धार सोडू नका. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो घसरतो. दर शनिवारी चहा पिऊन झाला की मग धुवायच्या आधी उलटा करायचा, बस्स.